ओढ्याकडची भिंत

जांभळवाडी, धनगरवस्ती
२२ नोव्हेंबर १९९३

देवगाव रंगारीच्या मुंजाबा मामांना जावई भिकनचा रामराम.

बन्सी, पत्र तूच वाचणार हे मला माहीत आहे. दाजीचं पत्र म्हणून नाक मुरडू नकोस. ओसरीवर मामांपुढे बस आणि जरा मोठ्याने वाच, म्हणजे आत चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या माणसालाही ऐकू जाईल. तिला अक्षर येत नाही, पण कान चांगले आहेत.

मामा, सारजाला कडेवर घेऊन तुमची लेक भाऊबीजेला आली ती तिकडेच आहे. इथून निघताना ती काय बोलली ते तिने सांगितलं असेल, नसेल तर तुम्ही तिच्या तोंडावरून ओळखलं असेल. "या उजाड वस्तीत मी एकटी राह्यची नाय," असं म्हणाली आणि एस.टी.त चढली. मी खिडकीतून पिशवी आत दिली. एवढंच आमचं भांडण. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. ही गप्प बसते.

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. दसरा झाला की आमची सगळी वस्ती घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे गोदाकाठाला जाते आणि मृगाच्या तोंडावर परत येते. तुम्हाला हे काय सांगायचं, तुमचाही जन्म त्यातच गेला. माझे चुलते केरबातात्या यंदाही सगळ्यांना घेऊन गेले. मागे राहिलो आम्ही तिघं, कारण मी वाळूजला कंपनीत लागलो. आई होती तोवर हिला तिची सोबत होती. आई उन्हाळ्यात गेली. माझी दुसरी पाळी असली की मी दुपारी सायकल काढतो तो मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो. घरात एक कंदील आणि बाहेर मिट्ट काळोख. बाईमाणूस भिणारच.

पण यावर मी उपाय काढला आहे. सरकारची कुटीर ज्योती म्हणून योजना आहे. गरिबाच्या घराला एक दिवा. एकच, पण विजेचा. खांबावरून तार तेच ओढतात, होल्डर तेच बसवतात. आमच्याच गावचा कडुबा माझ्याबरोबर कंपनीत आहे, त्याने मला हे सांगितलं. मी लगेच अर्ज दिला. संक्रांतीपर्यंत दिवा येईल असा माझा अंदाज आहे. तो आला की हिला भ्यायचं कारण उरणार नाही.

कंपनीचं बरं चाललं आहे. स्कूटरचे लोखंडी भाग येतात, त्यांच्या धारदार कडा आम्ही कानशीने घासतो. मेंढरांची खुरं तासून हाताला वळण पडलेलं, ते तिथे उपयोगी पडलं. मुकादम म्हणतो हात हलका आहे. जेवणाची आबाळ नाही, भाकरी वेळेवर मिळते. सारजा हल्ली काय करते ते कळवा. तिच्या आईचंही कळवा.

भिकन


जांभळवाडी
१३ डिसेंबर १९९३

मामांना रामराम.

बन्सी, तुझं कार्ड पोचलं. वरपासून खालपर्यंत तू कापसाचा भाव लिहिलास, आणि सारजाला पहिला दात आला ही गोष्ट कोपऱ्यात, तारखेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात कोंबलीस. कापूस मी काय करू? वरचा दात की खालचा, ते लिही.

मामींनी विचारलं आहे की भाकरी कोण करतं. कंपनीच्या फाटकाजवळ खाणावळ आहे, असं त्यांना सांगा.

आता दिव्याचं सांगतो. वीजवाला माणूस वस्ती पाहायला आला तो नेमका मी पहिल्या पाळीला असताना. आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरगावी निघालं की आपण कुलूप लावत नाही, दाराला बोराटीची काटी लावतो. काटी दिसली की आपल्यातला माणूस समजतो, घरधनी मेंढरांमागे आहेत. मीही सवयीने कामावर जाताना काटीच लावतो. तो बिचारा वस्तीभर फिरला, प्रत्येक दाराला काटी दिसली, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, कारण कुत्रीही तात्यांबरोबर गेलेली. त्याने लिहून नेलं की वस्ती ओसाड आहे.

मला कळलं तसा मी सुट्टी टाकून औरंगाबादला त्यांच्या कार्यालयात गेलो. कडुबाही आला, त्याला त्याच्या वस्तीचं विचारायचं होतं. साहेब तरुण होते, खुर्ची दिली. मी म्हटलं, साहेब, वस्ती ओसाड नाही, मी राहतो, माझी बायको राहते, सध्या माहेरी आहे. साहेब म्हणाले, "एका राहत्या घरासाठी इतके खांब मंजूर होणार नाहीत. आसपास आणखी कोण राहतं?" मी म्हटलं, कोणी नाही. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे कोण?"

ते बोट ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यावर होतं. म्हणजे कडुबाच्या घरावर. आणि कडुबा माझ्या शेजारी उभा होता.

मामा, मी खोटं बोललो नव्हतो. मला खरोखरच ते आठवलं नव्हतं. आमच्या वस्तीवरून कोणी खोकलं तर तिकडे ऐकू जातं, पण शेजार म्हणून कोणी विचारलं तर आमच्या तोंडात ती घरं येत नाहीत. लहानपणापासून तशीच सवय लागली. कडुबा वरच्या पंख्याकडे पाहत राहिला. परतताना सगळा रस्ता तो कंपनीतल्या गमती सांगत होता, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

साहेबांचं म्हणणं असं की दोन्ही मिळून एकच वस्ती दाखवली तर काम होतं. बौद्धवाड्यातली राहती घरं आणि आमची घरं एकत्र. मी म्हटलं, मधे ओढा आहे. ते म्हणाले, ओढा एका तारेत ओलांडता येतो. फक्त आमच्या वस्तीतल्या माणसांनी तसं कबूल केलं पाहिजे. मी तात्यांना भेटायला जाणार आहे. हिला सांगा, थोडा उशीर होईल, पण दिवा येणार.

भिकन


जांभळवाडी
४ जानेवारी १९९४

मामांना रामराम.

साप्ताहिक सुट्टीला गंगापूरकडे जाऊन तात्यांना भेटलो. एका शेतकऱ्याच्या मळ्यात खतासाठी मेंढरं बसवली आहेत. काकूने, द्वारकाबाईने, ताजं ताक दिलं. पोरं अंगाला झोंबली. मेंढरांचा वास नाकात गेला आणि मला कंपनी नकोशी वाटली, पण ते असो.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आपल्याला नको त्यो दिवा," म्हणाले.

मी म्हटलं, फुकट आहे, तात्या.

"फुकट हाय म्हनूनच नको. गावात काय चाललंय ठावं नाय का तुला? त्या नावावरून समदी पेटलेली. अशात आपन लिहून द्यायचं, आमी आन् बौद्धवाडा एक वस्ती. नानासाहेबाच्या पडकात आपली मेंढरं पावसाळाभर चरत्यात. त्यानं उद्या नाय म्हटलं तर कुठं न्यायची? तुझ्या कंपनीत?"

त्यांचं भय खोटं नाही, हे मला कळतं. नानासाहेबांची जमीन मोठी आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन. विद्यापीठाच्या नावावरून गावात दोन तट आहेत, आणि पावसाळ्यात मेंढरांना चरायला दुसरं रान नाही. तात्यांनी मला बाप गेल्यापासून वाढवलं आहे. मी उलट बोललो नाही. ताक पिऊन निघालो.

घरी आलो तर बन्सीचं कार्ड पडलेलं. त्यात एकच ओळ कामाची. "आक्का म्हणते, मी अंधाराला कधी भ्याले?"

आता मला राग आला, खरं सांगतो. मी दीड महिना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहे, पगार कापून घेतो आहे, चुलत्याची बोलणी खातो आहे, आणि ही म्हणते मी कधी भ्याले. मग भिऊन नाही तर कशाने गेली? उघड्या माळावर जन्मलेली, मेंढरांच्या जाळीच्या वाघरीत झोपलेली पोर अंधाराला भिणार नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही, ठीक आहे. पण जे आहे ते बोलायला काय होतं? तिला विचार, बन्सी. आणि ती गप्प बसली तर ती गप्प बसली असंच लिही, कापसाचा भाव लिहू नकोस.

दात खालचा हे कळलं. बरं वाटलं.

भिकन


जांभळवाडी
२२ जानेवारी १९९४

मामांना रामराम.

संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याचं रेडिओवर आलं. त्यानंतर एस.टी. बंद, रस्त्यावर टायर जळत होते, टपालही अडकलं, म्हणून पत्राला उशीर. मी सुखरूप आहे. काळजी करू नका.

हे पत्र लांब आहे. बन्सी, सगळं वाच, मधलं काही गाळू नकोस, आणि मामा-मामी दोघांपुढे वाच.

नाव लागलं त्या दिवशी बौद्धवाड्यात निळे झेंडे लागले, साखर वाटली. आधीच्या दंग्यात, आम्ही लहान असताना, कडुबाच्या बापाचं घर जळालं होतं. तो बाप हे पाहायला राहिला नाही. गावात मात्र कोणी कोणाशी धड बोलेना. गिरणीवाल्याने पट्टा तुटला म्हणून बौद्धवाड्याची दळणं परत पाठवली. पट्टा त्यांच्यापुरताच तुटला असावा, कारण माझं दळण त्याने घेतलं. ते पाहून मी कडुबाकडून त्याच्या घरची ज्वारी मागून घेतली, सायकलला बांधली आणि वाळूजला कंपनीजवळच्या गिरणीतून दळून आणली.

आता मामींना खरं सांगतो. फाटकाजवळ खाणावळ आहे, पण मी तिथे जेवत नाही. दिवाळीपासून माझी भाकरी कडुबाची आई चंपाबाई थापते. कडुबा दोन भाकऱ्या जास्त आणतो आणि मला म्हणतो, आईने चुकून जास्त केल्या. रोज चुकते ती बाई. तुम्हाला हे लिहायला मी कचरत होतो.

तर पीठ द्यायला मी ओढा ओलांडून त्यांच्या दारात गेलो. उभ्या जन्मात पहिल्यांदा. चंपाबाईने घोंगडी टाकली आणि विचारलं, "आक्का कधी येनार रं?"

मी चमकलो. म्हटलं, तुम्ही तिला ओळखता?

"वळखती म्हंजे? दसऱ्यानंतर तुजी पोरगी तापानं फणफणली व्हती. तू कंपनीत. आक्कानं ओढ्याच्या काठावर येऊन हाक मारली. म्या गेले. मध्यरातीपत्तुर पोरीच्या कपाळावर पान्याच्या पट्ट्या ठिवल्या. मंग रोज दुपारी जायची म्या. ती बी बोलायची, म्या बी बोलायची. लई गुणाची हाय."

मला त्या तापाचं एवढंच माहीत होतं की मी आलो तेव्हा पोर झोपली होती आणि ही म्हणाली, थोडं अंग कोमट होतं.

मग म्हातारी म्हणाली, "तुजा चुलता घरातलं धान न्याया आला, तवा त्यानं मला तुमच्या चुलीपाशी पाह्यलं. मला कायच म्हनला नाय. माझ्याकडं बघितलंच नाय. आक्काला मातर लई बोलला. पुन्यांदा हाक मारायची नाय म्हनला. मंग म्या जानं बंद केलं. तिला माझ्यापायी तरास नको."

मामा, तुमच्या लेकीला अंधाराचं काही नव्हतं. हाकेच्या अंतरावर माणूस असून तिला हाक मारायची बंदी झाली, म्हणून ती वस्ती तिला उजाड झाली. आणि मी साहेबाला सांगत होतो, आसपास कोणी राहत नाही.

तिने मला का सांगितलं नाही? मी सायकल चालवताना हेच विचारतो. मला वाटतं, तात्या मला बापासारखे, आणि तिने सांगितलं असतं तर मला त्यांच्यापुढे उभं राहावं लागलं असतं. ते माझ्यावर येऊ नये म्हणून ती स्वतःच निघून गेली. असं असेल तर ती माझ्यापेक्षा शहाणी आहे आणि वेडीही आहे.

काल मी कार्यालयात जाऊन सही केली. तात्यांची नाही, सगळ्या वस्तीची नाही, माझ्या घराची. साहेब म्हणाले, राहत्या घराची सही आहे, तेवढी पुरे. आता बौद्धवाडा आणि आम्ही कागदावर एक वस्ती आहोत. तात्यांना मी पत्र टाकून कळवलं आहे. ते रागावतील, मी पाय धरीन, पण सही मागे घेणार नाही.

आता तुमचं. चंपाबाई आमच्या घरी येणार, चुलीपाशी बसणार, मी दुसऱ्या पाळीला असलो की रात्री सोबतीला झोपणार. मी तिला तसं विचारलं आहे आणि ती म्हणाली, आक्काने बोलावलं तर येईन. अशा घरी लेक पाठवायची की नाही, हे तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडायला येणार नाही. पण मला फार वाईट वाटेल.

भिकन


जांभळवाडी
१८ फेब्रुवारी १९९४

बन्सी, हे पत्र मामांना नाही. हे तुझ्या बहिणीला आहे. तरी मोठ्यानेच वाच, कारण हळू वाचायला तुला तिच्याजवळ बसावं लागेल आणि मग तू मधेमधे तुझी अक्कल घालशील.

सारजाच्या आईस,

जानेवारीतल्या पत्राला उत्तर आलं नाही. पोस्टमन वस्तीवर येत नाही म्हणून मी रोज गावात जाऊन विचारतो. तो मला लांबून बघूनच मान हलवतो. मामांना राग आला असेल असं समजून मी गप्प होतो. पण गप्प बसणं तुला जमतं, मला जमत नाही.

खांब आले. बैलगाडीवरून आले, एक ओढ्यात रुतला, तो काढायला बौद्धवाड्यातली माणसं आणि मी, आम्ही सगळे चिखलात उतरलो. नानासाहेबांनी मला रस्त्यात अडवलं. मी मनातल्या मनात तात्यांच्या मेंढरांना हात जोडले. नानासाहेब म्हणाले, "खांब कुणाच्या शेतातून जानार?" मी म्हटलं, तुमच्याच. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बांधावरून न्या. मधून नको. नांगर अडतो." एवढंच. मेंढरांचं काही बोलले नाहीत. पावसाळ्यात काय बोलतील ते माहीत नाही, पण त्यांना मेंढरांचं खत लागतं, हे तेही विसरलेले नाहीत.

तात्यांनी निरोप पाठवला की भिकनशी मी बोलणार नाही. ज्याच्याबरोबर हा निरोप पाठवला त्याच्याच कानात द्वारकाकाकूने दुसरा निरोप घातला, की आमच्या दारच्या दिव्याचंही बघ म्हणावं. तो माणूस दोन्ही निरोप एका दमात सांगून गेला.

बौद्धवाड्यात दिवे लागले. चंपाबाईने बटण दाबलं आणि दिव्याला नमस्कार केला, मग मला म्हणाली, आता हे मालवायचं कसं, विझवू म्हणणं वाईट. कडुबा म्हणाला, आई, बटण वर कर. ती म्हणाली, तू कर, माझ्या हाताने नको. तेव्हापासून रोज रात्री कडुबाच बटण वर करतो, आणि तो दुसऱ्या पाळीला असला की दिवा तो घरी येईपर्यंत चालू.

आपल्या घराशी वायरमन आला आणि म्हणाला, एकच दिवा आहे, कुठे लावू, चुलीपाशी, का मधल्या खोलीत? मी म्हटलं, थांब, मालकीण येऊ दे. तो म्हणाला, कधी येणार? मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो भला माणूस, तार भिंतीपर्यंत आणून गुंडाळून ठेवून गेला आहे. बौद्धवाड्यातलं राहिलेलं किरकोळ काम करायला तो पुन्हा येणार आहे, तेव्हा होल्डर बसवतो म्हणाला. मी आपला कंदील लावून बसतो. सगळ्या वस्तीत आता एवढंच घर कंदिलाचं आहे, आणि काट्या लावलेली बाकीची.

दिव्यासाठी ये, असं मी आता म्हणत नाही. दिव्याचं खूळ माझं होतं. मी एवढंच सांगतो की मला तुझ्याशिवाय करमत नाही. कामावर करमतं, कारण तिथे आवाज फार. घरी आलो की करमत नाही. सारजाची झोळी मी सोडली नाही, आढ्याला तशीच आहे, येता-जाता डोक्याला लागते. तू इथे होतीस तेव्हा मी आल्यावर जेवायचो आणि झोपायचो, तू दिवसभर काय केलंस हे कधी विचारलं नाही. आता विचारायचं आहे तर विचारायला कोणी नाही.

यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर तसं कळव, मी सायकलवर देवगावला येईन, कितीही लांब असलं तरी, आणि ओसरीवर बसून राहीन. मामांनी हाकललं तर बांधावर बसेन.

बन्सी, वाचलंस ना सगळं? मोठ्याने?

भिकन


देवगाव रंगारी
५ मार्च १९९४

सारजाच्या बापाला सारजाच्या आईचा रामराम.

बन्सीला म्हनलं, म्या बोलंन तसंच लिव्ह, साळंतल्यावानी करू नको. त्यो तोंड वाकडं करतुय, पर लिव्हतुय.

तुमची समदी पत्रं म्या आयकली. मोठ्यानं वाच, मोठ्यानं वाच म्हनून तुमी काय मिळवलं ते सांगते. शेवटलं पत्र वाचलं तवा शेजारची गोजरबाई ज्वारी निवडाया आलती. तिनं बी आयकलं. तुमाला करमत नाय हे आता निम्म्या देवगावाला ठावं हाय. मला लई लाज वाटली. गोजरबाई गेल्यावर बन्सीला म्हनलं, पुन्यांदा वाच.

तात्याचं म्या तुमाला सांगितलं नाय, ते तुमी वळखलं तसंच हाय. तुमच्या दोघांत मी कशाला येऊ म्हनलं. पर राग तुमच्यावर बी व्हता. पोरीचं अंग कोमट व्हतं म्हनलं तर तुमी पाय धुऊन जेवाया बसले. एक डाव इचारलं असतं, तू एकटीनं काय केलं, तर म्या समदं सांगून टाकलं असतं.

आता आबांचं. जानेवारीतलं पत्र आयकून आबा उठले ते थेट मेंढरांत गेले. लई दीस घरात तोंड उघडलं नाय. म्या मनात धरलं, आता आपलं हितंच. सारजा हितंच चालाया शिकंल, हितंच बोलाया शिकंल, आन् बापाला पावनं म्हनंल. रडले बी. आईनं पाह्यलं.

परवा आबांनी मला म्होरं बोलवलं. म्हनले, "पोरगी तापली त्या राती कोन आलं?"

म्या म्हनलं, चंपामावशी.

"आपली मानसं कुठं व्हती?"

म्या म्हनलं, मेंढरांमागं.

आबा म्हनले, "म्या बी जलमभर मेंढरांमागंच व्हतो. तुज्या आईला कोन व्हतं, हे म्या कदी इचारलंच नाय."

आई चुलीपाशी व्हती. मान वर न करता म्हनली, "तांबोळ्याची हुसनाबी यायची. बन्सीच्या टायमाला तिच्याच हातावर झाले मी मोकळी. तुमाला सांगितलं असतं तर तुमी तिला येऊ दिलं नसतं."

आबा आईकडं बघतच राह्यले. इतकी वरसं झाली, हुसनाबी मरून गेली, आन् आबांना ठावंच नव्हतं. बन्सीला बी ठावं नव्हतं. हे लिव्हताना त्याचा हात थांबला, म्हनून हितं शाई सांडली हाय.

होल्डर घरात लावू नका. मला घरात कंदील पुरतो. ओढ्याकडच्या भिंतीला बाहिरून लावा, उंच. ओढ्यातले दगड दिसले पायजेत, येनाराला बी आन् जानाराला बी. वायरमन म्हनला असं चालत नाय, तर त्याला म्हना, मालकिणीनं सांगितलंय. आन् तात्या मृगाला परत आले की त्यांच्याशी म्या बोलंन. तुमी मधी पडू नका. तुमी नुसते माझ्या बाजूला हुभं ऱ्हावा.

शिवरातीला आबा वेरूळच्या जत्रंला निघालेत. मला आन् सारजाला संगं घेत्यात, दर्शन करून तसंच पुढं आनून सोडत्यात. चंपामावशीसाठी आईनं आपल्या लोकरीची नवी घोंगडी बांधून दिलीय.

आबा म्हनत्यात, आधी चंपाबाईच्या घरचं पानी पिईन, मंग जावयाच्या. तवा तुमी घरी आमची वाट बघत बसू नका. ओढ्याच्या पल्याड या.